ऐंशीवर ‘अडकलेली’ बॅटरी

साडूभाऊंनी माझा लॅपटॉप न विचारता ‘दुरुस्त’ केला. मी आंघोळीला गेलो होतो तेवढ्यात.

“अहो, चार्जिंग ऐंशीच्या पुढे जातच नव्हतं. काढला शोधून बिघाड. आता बघा, शंभर!”

“ती मर्यादा मीच लावली होती.”

“मुद्दाम? म्हणजे वीस टक्के बॅटरी फुकट?”

“हा दिवसभर चार्जरलाच असतो. शंभर हवेत कशाला?”

“मग भरू द्या की! टाकी फुल्ल केल्याशिवाय मी पंपावरून गाडी हलवत नाही.”

मी रसायनशास्त्रावर उतरलो. नेहमीचा लिथियम सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला जातो, ऐंशी टक्क्यांना साधारण ४.० असतो. वरच्या व्होल्टेजला, त्यात लॅपटॉप तापलेला, की आतला इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव विघटित होतो, वायू धरतो, सेल फुगतो आणि टचपॅड वर उचलला जातो. साडूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“आमची इन्व्हर्टरची बॅटरी वर्षानुवर्षं फुल्लच असते. ती नाही फुगली.”

पंचाईत अशी, की तेही बरोबर. त्यांची बॅटरी लेड-ॲसिडची, ती भरलेलीच ठेवायची असते. अर्धवट राहिली तर प्लेटांवर सल्फेट बसतं. लिथियमचा कारभार उलटा, पण हे पटवेपर्यंत साडूभाऊ पोह्यांकडे वळले होते.

खरा राग कंपन्यांवर आहे. एकीकडे ही मर्यादेची सोय खास ॲपमध्ये, दुसरीकडे बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या मूळ सेटिंगमध्ये, आणि नावं प्रत्येकाची निराळी. थिंकपॅड लॅपटॉपमध्ये निदान चार्जिंगसाठी ‘७५ ला सुरू, ८० ला बंद’ असे दोन आकडे सरळ भरता येतात. आयफोनमध्ये ८० ची मर्यादा २०२३ साली आली, तीही १५ व्या मालिकेपासून पुढेच. जुना फोनवाला बसला बोंबलत. काही लॅपटॉपांत तर ही सोयच नाही. बॅटरी आत चिकटवून टाकायची, बदलायचे पैसे वेगळे घ्यायचे, आणि कारखान्यातून मर्यादा शंभरच. वर दर महिना-दोन महिन्यांनी एकदा शंभरपर्यंत भरावं लागतं, नाहीतर टक्क्यांचा आकडा थापा मारू लागतो.

मी मर्यादा परत लावली. पण ती नुसतं पुढचं चार्जिंग थांबवते, भरलेलं उतरवत नाही. चार्जर काढून बॅटरी ऐंशीच्या खाली आणणं आलं. काढला.

साडूभाऊंनी पडद्यात डोकावून पाहिलं. “अठ्ठ्याण्णव… सत्त्याण्णव… बघा! मी भरून दिली होती, तुम्ही हात लावलात आणि उतरायला लागली.”