आई कुठाय बाळाची?

मागच्या महिन्यात पोरीला नऊ महिन्यांची लस द्यायला घेऊन गेलो. बायकोची २६ आठवड्यांची रजा कधीच संपली, ती सकाळी आठच्या एसटीनं तासगावला बँकेत जाते आणि मी कुपवाड एमआयडीसीत, सेकंड शिफ्टला, म्हणजे दुपारपर्यंत पोरगी माझ्याकडं. लसीकरण केंद्राच्या दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न, आई कुठाय बाळाची? म्हटलं ड्युटीवर. मग आजी पण नाही आली का?

आता आत बायका बाळाला पाजत असतात, तिथं पुरुषानं जाऊन बसू नये हे मलापण कळतंय की. एक पडदा लावा, बाहेर दोन खुर्च्या टाका, विषय संपला. मी पाऊण तास पोरीला कडेवर घेऊन चपलांच्या ढिगापाशी उभा.

पण राग त्याचा नाही. गोवर-रुबेलाची सुई दिली, अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला आणि मला काय सांगितलं? "घरी गेल्यावर मम्मीला फोन करायला लावा." झालं. आठव्या दिवशी पोरगी तापली, अंगावर बारीक पुरळ, माझे हातपाय गार, तशीच गाडीवर घेऊन विश्रामबागला डॉक्टरकडं पळालो. ते म्हणाले, अहो या लसीचा ताप आठवड्या-दहा दिवसांनी येतो कधी कधी, सांगितलं नव्हतं का? आमच्या गल्लीतल्या वहिनींना सांगितलं होतं बरं का, त्याच दिवशी, तिथंच.

आणि दुसरं टोक म्हणजे कौतुक. "बाई बाई, बाप घेऊन आलाय!" अहो माझीच पोरगी हाय, शेजाऱ्याची नव्हं. हाकलणं काय न् कौतुक काय, दोन्हीत मी पाहुणाच.

आशाताईंना मी बोल लावणार नाही, त्या बिचाऱ्या एवढ्याशा मोबदल्यात किती घरं फिरतात. पण सगळे फोन बायकोच्याच नंबरला, ती काउंटरवर, फोन पर्समध्ये. कार्डावर माझा पण नंबर लिहा एवढंच म्हणणं आहे. अंगणवाडीतली पालकांची मीटिंग कधीतरी रविवारी घ्या. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस रजा तरी मिळते, आमच्यासारख्या प्रायव्हेटवाल्यांना कायद्यानं एक दिवस नाही, मी तर डिलिव्हरीच्या वेळी शिफ्ट बदलून बदलून तीन दिवस काढले. आणि आपली माणसं पण काय कमी नाहीत, शिफ्टमधली पोरं विचारतात, काय रं, बाई झालास व्हय?

पुढचा बूस्टर सोळा महिन्यांना. मीच नेणार, आणि जे आईला सांगता ते मला सांगा म्हणून तिथंच उभा राहणार.