बांगडा कॉलिन्स

"हातूंत सोरो खंय आसा?" म्हणजे यात दारू कुठे आहे, असं विचारत शेजारच्या तात्यांनी ग्लास ट्यूबलाइटकडे धरला, तेव्हाच तो त्यांच्या हातून काढून घ्यायला हवा होता. नाही घेतला. शेजारधर्म आडवा आला.

टॉम कॉलिन्स हे कॉकटेल करायला फार अक्कल लागत नाही, असं मी परवापर्यंत लोकांना सांगत असे. जिन 60 मिली, लिंबाचा रस 22.5, साखरेचा पाक 22.5, वर गार सोडा साधारण 75. पाक म्हणजे एकतारी-दोनतारी भानगड नव्हे. 100 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. थंड जिनमध्ये कोरडी साखर टाकणाऱ्याला ती शेवटच्या घोटात दाताखाली सापडते. रस मात्र त्याच वेळी काढायचा. सकाळी पिळून ठेवलेला संध्याकाळी शिळा लागतो. कागदी लिंबू ओट्यावर तळव्याखाली लोळवून घ्यायचं, आडवं कापायचं आणि पिळताना हावरेपणा करायचा नाही. साल चेंगरली की कडवटपणा उतरतो, मग कितीही पाक ओता.

आता 22.5 मिली मोजायचे कसे? घरच्या पेगमापाला दोनच बाजू, 30 आणि 60. अंदाजाने ओतलं तर घात होतो, कारण लिंबू चमचाभर इकडे-तिकडे झालं की पेय एकतर सरबत होतं नाहीतर दात आंबतात. खोकल्याच्या औषधाचं झाकण यावर उत्तम उपाय. त्यावर 7.5ची रेघ असते. तीनदा भरलं की झालं.

मी पहिलं झाकण भरलं आणि दारातून आवाज आला, "खोकलो कोणाक जाला?"

तात्या निवृत्त झाल्यापासून आमच्या स्वयंपाकघराची चौकट त्यांनी पाठीने गुळगुळीत केली आहे. मी म्हटलं, "कोणाला नाही तात्या, माप घेतोय." तर ते मोजायला लागले. "एक... सकाळचें. दोन... दनपारचें. तीन... सांजचें. जेवच्या आदीं काय मागीर?" मला उत्तर सुचलं नाही. मग भांड्यात बोट बुडवून त्यांनी जाहीर केलं की हे नैवेद्याला चालेल.

बर्फाआधी चाखलं तर गोड लागणारच, हे मी शांतपणे सांगितलं. थंडाव्याने जिभेला गोडी कमी कळते, शिवाय हलवताना बर्फाचं पाणी सुटतं. म्हणून सुरुवातीला हात सैल सोडायचा असतो. तात्यांनी मान डोलावली आणि "सोडाय आताच घाल, वेळ वाचता" असा सल्ला दिला. सोडा घालून शेकर, म्हणजे पेय हलवायची एकमेकांत बसणारी दोन भांडी, हलवला तर आतला वायू वरचं भांडं उडवतो आणि छताला टॉम कॉलिन्स मिळतो. हेही सांगितलं. एवढं कोणी विद्यापीठात समजावत नसेल.

या पेयाच्या नशिबातच असली माणसं आहेत. 1874 साली अमेरिकेत टवाळांनी एक खोड काढली होती. ओळखीच्या माणसाला गाठायचं आणि सांगायचं, "टॉम कॉलिन्स पलीकडच्या बारमध्ये बसून तुझी नालस्ती करतोय." तो बिचारा बाह्या सरसावून बारमागून बार पालथे घालायचा आणि टॉम कॉलिन्स नावाचा कोणी नसायचाच. 1876मध्ये न्यूयॉर्कच्या जेरी थॉमस या बारटेंडरने या नावाच्या पेयाची कृती छापली. नाव त्या थापेवरून पडलं की लंडनच्या जॉन कॉलिन्स नावाच्या जुन्या पेयावरून, यावर अजून वाद आहे. माझं दुःख वेगळं आहे. त्यांना नालस्ती करणारा निदान सापडत तरी नव्हता. माझा चौकटीला टेकून उभा होता.

त्यात जिन. ती परदेशी म्हणावी, तर 2017मध्ये ग्रेटर दॅन आणि पुढच्याच वर्षी स्ट्रेंजर अँड सन्स या जिन गोव्यातच निघाल्या. पण काजूच्या बोंडाला न शिवलेलं सगळं तात्यांच्या लेखी 'भायलें'. त्यांचा सोरो एकच, काजूच्या बोंडाच्या रसाचा हुर्राक. लिमका, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. माप? "ग्लास भरता थंय मेरेन." मे सरला की हुर्राक आटतो आणि तात्या दुसऱ्यांच्या दारात उभे राहतात.

बर्फ घालून बारा-पंधरा सेकंद हलवलं. शेकरला बाहेरून दव धरलं आणि तो घट्ट बसला. आतली हवा गार होऊन आक्रसते, दाब उतरतो, दोन्ही भांडी एकमेकांना चिकटतात. जिथे दोघांमधली फट सुरू होते तिथे तळव्याने बाजूने थाप मारायची असते. मी सहा थापा मारल्या. सातवी मारणार एवढ्यात तात्यांनी शेकर घेतला, नळाखाली दहा सेकंद धरला आणि पिळून उघडला. हवा तापली की पकड सुटणारच, शास्त्र सरळ आहे. राग त्याचाच येतो. शास्त्र मी सांगितलं होतं.

गाळलं, सोडा ओतला, लांब चमच्याने तळातून एकदाच वर ढवळलं. तात्यांनी ट्यूबलाइटला दाखवून झाल्यावर घोट घेतला. मग हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"पुता, हुमणाचो वास येता."

हुमण म्हणजे आमच्याकडची माशाची आमटी. मी घेऊन पाहिलं. जिनमध्ये जुनिपर असतो, धणे असतात, लिंबूवर्गीय फळांची साल असते. आमच्यात बांगडाही होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी, म्हणून मे महिन्यात पुरुमेंताबरोबर, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीबरोबर, घरच्यांनी फ्रीझरमध्ये चार डझन बांगडे कोंबले, आणि त्यांच्या उशाला माझा बर्फाचा उघडा ट्रे. बर्फ शेजारचा वास ओढून घेतो. झाकणाचा ट्रे हवा. तो नसेल तर वापरण्याआधी बर्फ गार पाण्यातून झरकन काढायचा, वरचा वास धुऊन जातो. हे मला ठाऊक होतं. पण तात्यांना बर्फाचं वितळणं समजावण्यात मी इतका रंगलो की बर्फ धुवायचं राहिलं. फ्रीझरमध्ये माझ्यासाठी एक वीत जागा मागितली की घरात "दारूसाठी मासे बाहेर काढू?" असा प्रश्न येतो, आणि गोव्यात या प्रश्नाला उत्तर नाही.

तात्यांनी ग्लास रिकामा केला, हे नोंदवून ठेवतो. दुसराही मागितला. "वास आसूं दी" म्हणाले.

आज सकाळी फोंड्याच्या बाजारात सुके बांगडे विकणारीने माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं, वाटा पुढे सरकवला आणि विचारलं, "बाब, तुमी बांगड्याचो सोरो काडटात म्हणटात, खरें?"