ती जमीन पडीक नव्हती
परदेशी कंपन्या आल्या की आफ्रिकेचा अन्नप्रश्न सुटेल, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. इथिओपियातलं गांबेला घ्या. तिथे सरकारने आपल्याच बंगळुरूच्या करुतुरी कंपनीला १ लाख हेक्टर जमीन भाडेपट्ट्याने दिली. कागदावर पडीक! प्रत्यक्षात त्या भागातले अन्युआक लोक नदीकाठी मका-ज्वारी पेरायचे, मासे धरायचे, पीक बुडालं तर रानातल्या फळा-कंदांवर दिवस काढायचे. हा आधार उत्पादनाच्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही. त्याच काळात सरकारने हजारो कुटुंबं नव्या वसाहतींत हलवली. कित्येकांना शेत आणि नदी दोन्ही दुरावले. कंपनीचा मका २०११ च्या पुरात गेला, २०१५ च्या अखेरीस सरकारने करारच रद्द केला. हलवलेल्या घरांत तेव्हा काय शिजत होतं, तेही लेखात यायला हवं होतं.