‘टॉवेलात पॉलिस्टरची भेसळ’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा दोन स्टारचा अभिप्राय वाचला. 180 रुपयांचा पांढरा टॉवेल तिसऱ्या धुण्याला कडक झाला, काळ्या टी-शर्टवर लव चिकटली, म्हणजे ‘शंभर टक्के कॉटन’ सांगून पॉलिस्टर मिसळलेला माल दिला, ही फसवणूक आहे, असं तुम्ही लिहिलंय. लव सुटली हे खरं, फोटोत दिसतेच आहे. भेसळीचं मात्र मान्य नाही.

कापसाचा तंतू मुळात आखूड. हमीभावात ‘मध्यम धागा’ आणि ‘लांब धागा’ असे दोन दर असतात ना, त्यात मध्यम म्हणजे साधारण 25 मिलिमीटर आणि लांब म्हणजे 30 च्या आसपास. जेमतेम इंचभर! असे हजारो तुकडे एकमेकांना धरून राहतात ते फक्त पिळाच्या जोरावर. पाईलचा, म्हणजे वरच्या फासांचा एक धागा ओढून काढा आणि पिळाच्या उलट दिशेला फिरवा. पीळ मोकळा झाला की तो न तुटता अलगद सुटून येईल आणि टोकाला बारीक केसांसारखे तंतू दिसतील. टॉवेलाच्या पाईलला मुद्दाम कमी पिळाचं सूत लावतात, नाहीतर पाणीच शोषलं जाणार नाही. मग त्यातले सगळ्यात आखूड तंतू पहिल्या काही धुण्यांत सुटणारच.

आता पॉलिस्टर. सूतगिरणीसाठी त्याचेही तुकडेच करतात, बहुतेकदा 38 मिलिमीटरचे, म्हणजे कापसाच्याच यंत्रावर चालतात. पण तो तंतू चिवट. कापसात मिसळला की घासून त्याचे गोळे होतात आणि ते गळून पडत नाहीत, कपड्यालाच धरून बसतात. तुमच्या फोटोत टॉवेलावर एकही गोळा नाही, लव सगळी टी-शर्टवर. गाडी पुसायच्या मायक्रोफायबरच्या फडक्याला लव जवळपास सुटतच नाही, कारण त्यात अखंड धागा असतो. तसं हवं असेल तर ते घ्या, पण अंग पुसायला मी तरी देणार नाही.

लव कमी हवी तर कोम्ब्ड सुताचा टॉवेल येतो. त्यात कापूस विंचरून आखूड तंतू आधीच बाजूला काढतात. शंभर किलोत दहा ते वीस किलो असे निघतात, म्हणून तो टॉवेल आमच्याकडे 360 ला आहे. 180 चा कार्डेड, म्हणजे आखूड तंतू असे विंचरून न काढलेल्या सुताचा, तसं लेबलवर छापलेलं आहे. दोन्ही शंभर टक्के कापूसच.

कडकपणाचं कारण बहुतेक बोअरचं पाणी आणि जास्त पावडर. पावडर निम्मी करा, एक पाणी जास्त काढा, वाळत घालताना जोरात झटका. सॉफ्टनर नको, त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी शोषायचा थांबतो. (हे सॉफ्टनर विकणारा कोणी सांगणार नाही.) आणि पहिली दोन-तीन धुणी नवा टॉवेल वेगळाच धुवा, काळ्या कपड्यांबरोबर तर नाहीच.

तरी शंका असेल तर टॉवेल घेऊन या. तुमच्यासमोर त्यातलाच धागा काढून जाळू. कापूस कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला टणक मणी धरतो. मणी निघाला तर पैसे परत, वर कोम्ब्ड टॉवेल फुकट. नाही निघाला तर तेवढा ‘फसवणूक’ हा शब्द काढा, स्टार दोनच ठेवलेत तरी चालेल.

सोमवारी दुकान बंद असतं. बिल नसलं तरी हरकत नाही, टॉवेलाच्या काठावरच्या विणीवरून आमचा माल आम्ही ओळखतो.