लोहचुंबकाला चिकटली, तर ती लाखाची पेनी नव्हे

गेल्या महिन्यात एकच निरोप मला तिघा नातेवाइकांनी पाठवला: "अमेरिकेहून आणलेली पेनी घरात असेल तर शोधा. 1943ची असेल तर लाखो रुपये! टांकसाळीचं अक्षर नसेल तर आणखी जास्त. आता पेनी बंद झाली, त्यामुळे कुठल्याही पेनीला सोन्याचा भाव येणार. स्वच्छ करून फोटो पाठवा, नोंदणी फी भरा." मी बरीच वर्षं पेनी, म्हणजे अमेरिकेची एका सेंटची नाणी, जमवतो. या निरोपाने लोकांचे पैसे जातात आणि नाणीही खराब होतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी 1943. महायुद्धामुळे तांबं दारूगोळ्याकडे वळवलं होतं, म्हणून त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पेनी पाडली. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तिन्ही टांकसाळी मिळून 109 कोटींहून जास्त! रंगाने रुपेरी, त्यामुळे लोक तिला दहा सेंटांचं नाणं समजून फसायचे. वापरलेली पोलादी पेनी आजही किरकोळ पैशांत मिळते.

लाखांची गोष्ट वेगळ्याच नाण्यांची आहे. आधीच्या वर्षीच्या ब्राँझच्या काही चकत्या चुकून राहून गेल्या आणि त्यांच्यावर 1943चा ठसा उमटला. अशी जेमतेम वीसेक नाणी माहीत आहेत. डेन्व्हरचं तर एकच, ते 2010 साली 17 लाख डॉलरना विकलं गेलं. दुसरं एक 1947 साली मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डच्या एका शाळकरी मुलाला कँटीनच्या सुट्ट्या पैशांत मिळालं. त्याने ते जन्मभर जपलं, आणि 2019 साली लिलावात त्याचे 2,04,000 डॉलर आले.

म्हणूनच नकलांचा सुळसुळाट आहे. पोलादी पेनीवर तांब्याचा मुलामा चढवतात; ती लोहचुंबकाला चिकटली की बिंग फुटतं. न चिकटली म्हणून मात्र लगेच हुरळून जाऊ नका. 1948च्या आठाची डावी बाजू घासून तीन करणारेही आहेत. तिथे वजनही फसवतं, कारण 1948ची पेनी आणि 1943ची खरी ब्राँझची, दोन्ही 3.11 ग्रॅमचीच. खऱ्या 1943मधल्या तिनाचं शेपूट लांब असतं आणि बाकीच्या आकड्यांच्या खाली उतरतं. भिंगाखाली तेच बघायचं.

आता टांकसाळीचं अक्षर, म्हणजे नाणं कुठे पाडलं त्याची खूण: डेन्व्हरचा 'डी', सॅन फ्रान्सिस्कोचा 'एस'. ते नसणं ही बहुतेक वेळा चूक नसतेच. फिलाडेल्फियाच्या पेनीवर अक्षर घालायची पद्धतच नव्हती. 2017 साली, टांकसाळीला 225 वर्षं झाली म्हणून, तेवढ्या एका वर्षी 'पी' आला. खरा अपवाद 1922चा. त्या वर्षी पेनी फक्त डेन्व्हरने पाडली, त्यामुळे 'डी' न उमटलेलं नाणं संग्राहक शोधतात. अर्थात 'डी' खरवडून काढणारेही आहेतच. उलट 1909च्या पेनीवर अक्षर असण्यालाच किंमत आहे: सालाखाली 'एस' आणि मागे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं, अशी फक्त 4,84,000 नाणी निघाली.

स्वच्छ करण्याबद्दल हात जोडून सांगतो, करू नका! माझ्या मामींनी 1909ची एक पेनी देवाच्या तांब्यासारखी चिंचेने लखलखीत घासली. शंभर वर्षांत चढलेली तपकिरी झाक पाच मिनिटांत गेली. संग्राहकाला तीच झाक हवी असते, आणि ती परत आणता येत नाही.

पेनी बंद झाली हे खरं. चलनासाठीची शेवटची 12 नोव्हेंबर 2025ला फिलाडेल्फियात पडली. एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. पण सुमारे 30,000 कोटी पेन्या अजून लोकांकडे आहेत आणि त्या चलनातही वैध आहेत. त्यात 1982 सालानंतरच्या तर जवळजवळ सगळ्या जस्ताच्या, वर तांब्याचा पातळ थर. आधीच्यांमधलं तांबं एका सेंटहून महाग आहे, पण त्या वितळवायला अमेरिकेत बंदी आहे.

नोंदणी फी म्हणजे सरळ फसवणूक. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्येच बजावलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी ती कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कुणाला दिलेलाही नाही.

निरोप पाठवणाऱ्या मामेभावाच्या डब्यात शेवटी 1944ची एक पेनी निघाली. बाजारात तिला फारसा भाव नाही. पण त्या वर्षीच्या पेन्यांसाठी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वितळवून वापरल्या होत्या. हे सांगितल्यावर त्याने ती कागदाच्या पुडीत गुंडाळून कपाटात ठेवली.