तीनदा सारखा आकडा आला म्हणून शुगर खरी ठरत नाही

'शुगरचं मशीन म्हणजे कंपन्यांची लूट' हा, घरी बोट टोचून शुगर तपासायच्या मशीनवरचा मेसेज गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. दुर्लक्षच करणार होतो. पण तो वाचून आमच्या काकाजींनी शुगरची गोळी बंद केली.

मेसेज म्हणतो, लागोपाठ तपासलं तर 148 आणि 161 येतात, म्हणून मशीन खोटं. अहो, एवढं मागेपुढे होणारच. घरगुती मशीनसाठी आयएसओ 15197 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या 2013 च्या आवृत्तीनुसार शुगर 100 किंवा त्याहून जास्त असेल, तर किमान 95 टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या 15 टक्के आतबाहेर हवेत. खरी शुगर 160 असली तर 136 ते 184 पर्यंत काहीही चालतं.

लॅबचा आकडा वेगळा येतो? येईलच. लॅबवाला नसेतून रक्त घेतो, आणि जेवणानंतर बोटाच्या रक्तात शुगर जास्तच असते.

खरा कहर पुढे आहे. 'बोट स्पिरिटनं पुसा, तीनदा तपासा, सारखा आकडा आला तरच मशीन खरं.' बुवा, क्विंटलमागे दोन किलो मारणारा काटा दहादा मोजला तरी तेवढेच दोन किलो मारतो! इथे तर घरोघरी संत्री सोलतात, गोड रस बोटाला राहतो. जपानी डॉक्टरांनी हेच तपासून 2011 साली 'डायबिटीस केअर' या वैद्यकीय नियतकालिकात छापलंय: संत्रं सोललेल्या बोटाचा आकडा फुगून येतो, स्पिरिटनं पुसलं तरी. नळाखाली हात धुतले की ठीक येतो. न धुता तीनदा तपासा, तिन्ही आकडे फुगलेलेच.

'स्ट्रिपा (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या) खराब असतात' यात मात्र थोडं तथ्य आहे, मानावं लागेल. बहुतेक डब्यांवर 30 अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाखाली काय होतं ते सांगायला नको. पण मग स्ट्रिप बदला ना, गोळी कशाला सोडता? वाढलेली शुगर दुखत नाही. पण तिच्यामुळे पायाची जाणीव गेली, की पऱ्हाटीचं खुंट घुसलेलंही कळत नाही; कळतं तोवर जखम चिघळलेली असते.

मेसेजमधल्या कडुनिंबाच्या रसावर बोलत नाही. प्यायचा तर प्या, गोळी घेऊन.

मशीनवर शंकाच असेल तर उपाशीपोटी लॅबला जाताना ते सोबत न्या, हात धुवून तिथंच तपासा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. आणि एचबीए1सी ही रक्ततपासणी करून घ्या. त्यात दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी कळते, एका बोटाची नाही.