‘तुम्ही माझ्यावर लिहा, मी तुमच्यावर लिहितो’

स्वखर्चाने पुस्तक काढलं की असे निरोप इनबॉक्समध्ये येऊ लागतात. ‘सर, तुमची कादंबरी मागवतो, माझा कवितासंग्रह पाठवतो. एकमेकांवर लिहू.’ माणसं वाईट नसतात. त्यांच्याही पलंगाखाली गठ्ठे पडून असतात. तरी मी नाही म्हणतो.

आमच्या पुस्तकाला कुठेच चाळणी लागलेली नसते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, आणि अर्ज करील त्याला मिळतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासकट चार ग्रंथालयांना प्रती पाठवल्या की सरकारदरबारी काम संपलं. ‘पण हे चांगलं आहे का हो?’ असं या सगळ्यात कुणीही विचारत नाही. ते पहिल्यांदा विचारतो वाचक. त्याच्यापुढे आम्ही काय ठेवायचं, तर साटंलोटं करून मिळवलेलं ‘अप्रतिम, ओघवती भाषा, एका बैठकीत संपवली’? (एका बैठकीत संपवली म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पुस्तक उघडलेलं नसतं, असा माझा संशय आहे.)

म्हणून मी आवडत्या पुस्तकांवर लिहितो, आणि बहुतेक जुन्या. लेखक हयात नसला की देवाणघेवाणीचा प्रश्नच मिटतो.

उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी घ्या. १९६०ची. तिच्याबद्दल लिहिताना लोक ‘विदारक’ म्हणतात आणि थांबतात. मला ती आवडते ती शेळक्यांच्या संयमासाठी. कौतिक संसार ओढते, नवरा महादेव हाताशी येत नाही, आणि लेखक मात्र कुठेही ‘अरेरे’ म्हणत नाही. निवेदन प्रमाण भाषेत, माणसं बोलतात वऱ्हाडीत. त्यामुळे कौतिक तोंड उघडते तेव्हा मध्ये लेखक उरतच नाही. शेवटाकडे संकटं जरा फारच रांगेने येतात, असं मी लिहिलं तर काही जण रागावले. रागावू देत. आवडतं पुस्तक म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे.

किंवा विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, चक्रधर, आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू हॅर्टा. बोट मुंबईला लागली की तो उतरणार आणि तिला पुढे जावं लागणार, हे आपल्याला ठाऊक असतं. तरी हातातलं पुस्तक खाली ठेववत नाही. उत्कंठेला रहस्य लागत नाही, बोटीचं वेळापत्रक पुरतं, हे मी इथे शिकलो. माझ्या कादंबरीतला मुक्कामी एसटीचा प्रसंग सरळ इथूनच उचललेला आहे.

एकाने विचारलं, ‘हेही मार्केटिंगच ना?’ असेल. पण माझी आवड कळली की माझी कादंबरी आपल्याला झेपेल का, हे माणसाला आधीच कळतं. नाही झेपणार त्याचे दोनशे रुपये वाचतात. पोस्टखाली मी माझी लिंक टाकत नाही, एवढं पथ्य पाळतो.

स्वप्रकाशित मित्रांवर लिहीत नाही असं नाही. लिहितो, पुस्तक विकत घेऊन आणि पूर्ण वाचून. नाही आवडलं तर लेखकाला फोन करतो. पहिल्या पुस्तकावर चारचौघांत तुटून पडण्यात मला काही पराक्रम वाटत नाही. मोठ्या प्रकाशनाच्या गाजत्या लेखकांना मात्र ही सवलत नाही.

पुढच्या रविवारी ‘बनगरवाडी’. त्याआधी तुमचं एखादं आवडतं पुस्तक कॉमेंटमध्ये सांगा, आणि नेमकं कुठलं पान आवडलं तेही. स्वतःचं सोडून.